जुळ्या कपाटांचा एकच घटका-हिशेब

जोडीदादांना प्रत्येक गोष्ट दोन लागायची. छत्र्या दोन, चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन. “बायको तेवढी एकच केली, तीही माझ्या धाकाने,” असं बायको पाहुण्यांना हटकून सांगे. पण धंदाच तसा. बड्या संस्थांसाठी ते फ्लॅश मेमरीची कपाटं आखून द्यायचे. एका कपाटात माहिती, जुळ्या कपाटात तिची नक्कल. एक मेलं तर दुसरं आहेच. हे ते इतकं छातीठोक सांगत, की एका इस्पितळाने जुन्या टेपवर नकला घेणंच सोडलं.

दोन्ही कपाटांत माहिती साठवणाऱ्या डिस्क मात्र सगळ्या एकाच खोक्यातल्या. “बैलजोडी सारखी हवी, म्हणजे गाडी डुलत नाही,” हा दादांचा हट्ट.

पावणेचार वर्षं गाडी डुलली नाही. मग एका सकाळी इस्पितळाच्या संगणक विभागातल्या बाईंचा फोन आला. “दादा, पहिलं कपाट गेलं. सगळ्या डिस्क एका मिनिटात.”

दादा धावत पोचले, डिस्कवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं: डिस्क स्वतःचे चालू तास मोजते, ठरावीक आकड्यावर आतला प्रोग्राम चुकतो आणि ती कायमची बंद पडते. दुरुस्ती पुढच्या आठवड्यात मिळेल. मात्र ती चढवायला डिस्कच्या आयुष्यातली दहा मिनिटं शिल्लक हवीत.

दादांनी बोटांवर हिशेब मांडला. कपाटं बसवली त्या दिवशी पहिलं कपाट चालू करून ते जेवायला गेले होते, दुसरं दीड तासाने सुरू केलं होतं. जेवणावर ताव मारला म्हणून तेवढा तरी वेळ हाती होता. त्यातलाही निम्मा उलटला होता.

“बाई, दुसरं आत्ता बंद करा. आहे तेवढं वाचेल.”

“आत शस्त्रक्रिया चालू आहे. पेशंटचे जुने फोटो त्याच कपाटातून पडद्यावर दिसताहेत. डॉक्टर नाही म्हणतात.”

“आणि बाकी सगळ्या पेशंटांचं?”

“ते तुम्ही डॉक्टरांना सांगा.”

नक्कल काढायची तर नऊ तास. दादा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसले, उठले, परत बसले. वीस मिनिटं उरली. पंधरा. दहाच्या आत घड्याळ गेलं, म्हणजे आता बंद करूनही दुरुस्ती चढणार नव्हती, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

दार किलकिलं झालं. सिस्टरने डोकं बाहेर काढलं.

“डॉक्टर विचारताहेत, फोटो दिसत राहतील ना? अजून अर्धा तास लागेल.”

“सात मिनिटं दिसतील, सिस्टर,” दादा म्हणाले. “त्यांना म्हणावं, नीट बघून घ्या.”