वीणाच्या हातावरचं दही

आज सकाळी मी टूथपेस्ट समजून कंबरदुखीचं मलम ब्रशवर घेतलं. तोंड पोळलं, आणि त्या उग्र वासाबरोबर नोएडाच्या जुन्या फ्लॅटच्या दारात उभी असलेली वीणा आठवली.

वीणा माझी पुतणी, शंभर मीटर धावणारी. प्रत्येक शर्यतीआधी पायाला मलम चोळून ती आमच्याकडे यायची आणि मी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवायचो. ती जिंकली की श्रेय अर्थातच माझ्या दह्याचं. मग तिचा गुडघा दुखावला आणि भारताच्या संघातून नाव गेलं ते गेलंच. तिच्या परदेशी नवऱ्याच्या देशानं मात्र तिला प्रशिक्षक दिला, संघात जागा दिली. आता त्या देशाकडून धावायचं ठरवून ती निघाली होती. जाताना सवयीनं आमच्याकडे आली.

"काका, दही?" तिनं हात पुढे केला.

"आपल्याच मुलींविरुद्ध धावणार तू?"

"यार काका, मला फक्त धावायचंय."

हात तसाच पुढे होता. वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं मी बाल्कनीत सटकलो. कपडे ओलेच होते, तरी घड्या घालत राहिलो. दही बायकोनं दिलं.

तेव्हा वाटलं, आपण देशाची बाजू घेतली. आता वाटतं, एक चमचा दह्यानं देशाचं काय बिघडलं असतं?

वीणा गेल्यावर बायको बाल्कनीत आली. माझ्या हातातला ओला शर्ट काढून घेत म्हणाली, "इतकी वर्षं वीणाला पळताना पाहतेय, पण तुमच्याइतकं जोरात पळताना कुणाला पाहिलं नव्हतं."