दुखवट्याला कोरडे डोळे

वेशीपाशी चार बाया उभ्या दिसल्या, तवाच तृप्तीनं ओळखलं की आज आपली धडगत नाही. पहाटं मोठी आई गेली होती. सासरी दिलेल्या लेकीनं वेशीपासून हंबरडा फोडत यायचं, बायांनी पुढं होऊन तिला गळ्यात घ्यायचं, अन् सगळ्यांनी मिळून अंगणापर्यंत रडत जायचं, ही त्या गावची रीत. तृप्ती नवऱ्याच्या मोटरसायकलवरून उतरली ती काळा गॉगल लावून. अन् गॉगलाच्या आत सगळं कोरडं.

"आता गं बया! लग्नाला आली का मौतीला?" कमळाबाई म्हणाली. ही शेजारची. गावातल्या बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्याची मुकादम.

"डोळ्याचं आप्रेशन झालंय, मावशी. लेझरचं. धूळ चालत नाय."

"धूळ चालत नसंल. पर पानी तं चालतं ना?"

चालत होतं, पण येत नव्हतं.

तृप्तीला चौथीतच चष्मा लागला. आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायची, म्हणून पोरगी दिवसभर थोरल्या चुलतीपाशी. तिलाच ती मोठी आई म्हणायची. पोरीला दिसत नाही हे गुरुजींच्या आधी मोठ्या आईनं ताडलं, कारण पोरगी तांदळातले खडे ताट नाकाला लावून निवडायची. तिनंच निफाडला नेऊन चष्मा करून आणला. पुढं नंबर वाढतच गेला. लग्न होऊन तृप्ती नाशकात आली अन् अंबडच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसली. दिवसभर बारीक पितळी नळ्या उजेडाला धरून चिरा हुडकायच्या. चष्म्यावर कंपनीचा गॉगल, त्यावर घामाची वाफ. नाकाला घट्टे पडले. शेवटी वैतागून लेझर करून घेतलं. नंबर गेला, पण डॉक्टरनं बजावलं, डोळे चोळायचे नाहीत, धूर-धुळीत जायचं नाही. काही महिने डोळे कोरडे पडतील, आसू कमी येतील, बाटलीतले थेंब घालत राहा.

तेव्हापासून ती पडदे लावून अंधाऱ्या खोलीत पडून होती. डोळ्यात वाळू सांडल्यागत व्हायचं. फटीतून येणारी उन्हाची तिरीपही टोचायची. जिनं जन्मात कधी दुपारी पाठ टेकली नाही, ती बाई विसावा घेऊ घेऊ दमून गेली. त्याच दिवसांत वत्सलाचा फोन आला, आई आठवण काढते, येऊन जा. वत्सला म्हणजे मोठ्या आईची सख्खी लेक, तृप्तीची आक्का. लग्न मोडलं तेव्हापासून माहेरीच. तृप्तीनं आप्रेशनचं खरंखरं सांगितलं. वत्सला नुसतं "बरं" म्हणाली अन् फोन ठेवला.

ते "बरं" तृप्तीच्या कानात बसलं होतं. गाव काय म्हणंल याचं तिला फार नव्हतं. पण आक्काला काय वाटलं असंल? जिनं माझ्या आईच्या हातचं खाल्लं, तिला यायला सवड झाली नाही, अन् आता मेल्यावर दोन आसवंही नाहीत?

अंगणात मोठी आई हिरव्या लुगड्यात निजवलेली होती. बायांनी तृप्तीला मिठ्या मारल्या, तिच्या खांद्यावर डोकी आपटली. तिचा ऊर भरून आला, पण पापणी ओली होईना. वत्सलानं एकवार तिच्याकडं पाहिलं अन् पदरात तोंड घातलं.

मढं गेलं. बाया डोक्यावरून पाणी घेऊन आल्या. तृप्तीनं गळ्याखालून अंग धुतलं. त्यावरूनही कुजबूज झालीच. मग कमळाबाईनं निकाल दिला.

"हिचं रडू कोंडलंय. ते बाहेर काढलं पायजे. नाय तं उरात बसतं अन् मानूस खुळं व्हतं."

परसातल्या कांदाचाळीतून एक कांदा आणला. उंबऱ्यावर ठेवून बुक्की मारली. गावात कुणी चक्कर येऊन पडलं की कांदा, अन् रडलं नाही तरी कांदाच. "धरा गं हिला!"

दोघींनी गॉगल काढून खांदे धरले. तृप्तीनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले अन् ओरडली, "मावशी, डोळे जातील माझे!"

"डोळे नाय जात, रडू येतं. निम्म्या गावच्या सुना मी अशाच रडवल्या."

उग्र वास नाकात घुसला. तळव्यांच्या आतही डोळे मिरची लागल्यागत पेटले. तरी थेंब नाही.

"सोडा तिला," कोपऱ्यातून वत्सला म्हणाली. "गेली ती गेली. जितीला कामून आंधळी करू राह्यल्या?"

तिनं तृप्तीला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं अन् दार लोटलं. तृप्तीनं भिंतीला टेकून घाईघाईनं पिशवीतली बाटली काढली, मान मागं करून थेंब घातले. पाणी गालांवर ओघळलं.

"काय हाय ते?"

"आसवांचं औषध. बाटलीत भेटतं. आक्का, मला रडू येतंय गं, नुसतं पानी येत नाय. तुला वाटंल..."

वत्सला बाटलीकडं बघत राहिली.

"मलाबी घाल."

"तुला कशाला?"

"सकाळपून पदरात तोंड घालून नुस्ते हुंदके काढू राह्यले. एक टिपूस नाय. दिवाळीपासून ती आंथरुणाला खिळलेली. रातभर कूस बदलायची, हागणं-मुतणं काढायचं, वरून तिच्या शिव्या खायच्या. पहाटं श्वास थांबला, तवा मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता पाठ टेकता येईल." मग म्हणाली, "तू आली नाय त्याचा राग नव्हता गं. बोलायचंबी त्राण नव्हतं."

तृप्ती खाली बसली. वत्सलाचं डोकं मांडीवर घेतलं अन् बाटली डोळ्याला लागू न देता वरून थेंब सोडले.

"गार हाय," वत्सला म्हणाली. जरा वेळानं तिचं तोंड उघडं पडलं अन् घोरायला लागली.

वेशीकडून जीप थांबल्याचा आवाज आला. मोठ्या आईच्या बहिणीकडची माणसं सटाण्याहून आली होती. वेशीपासूनच बायांनी गळा काढला. कमळाबाई दार वाजवायला लागली. "वत्सले, ये लवकर! सटान्याची मानसं आली!"

तृप्तीनं गोधडीची घडी वत्सलाच्या डोक्याखाली सरकवली. दार जरासंच उघडून बाहेर आली अन् मागं कडी लावली.

"आक्का रडून रडून बेसुध झालीय. तिला कुनी उठवायचं नाय."

"अन् त्यायला गळ्यात कोन घेईल?"

"मी."

ती अंगण ओलांडून पुढं गेली. पहिली बाई धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. बाई अंगानं जड होती. तृप्तीनं पाय जरा फाकवून रोवले, अन् तिचं रडणं सरायची वाट बघत उभी राहिली.