समईला जुनं करताना

आमचे हे, पुंडलिकराव, जन्मभर एसटीत कंडक्टर होते. लोकांनी विसरलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर जिवंत कोंबडी, सगळं ज्याचं त्याला घरपोच केलं. आणि स्वतः काय विसरावं, तर महालक्ष्म्यांची समई.

आमच्या महालक्ष्म्या एक वर्ष हिंगणीला थोरल्या जाऊबाईंकडे, एक वर्ष इथे सिंदी मेघेला बसतात. समयांची जोडीही तशीच फिरते. यंदा पाळी आमची. हिंगणीहून आणताना एक समई घरी आली, दुसरी बसमध्येच पुढे गेली. डेपोत खेटे घातले, पण नाही सापडली.

समई सासूबाईंची. त्या गेल्यावर जाऊबाईंनीच, देवकाबाईंनी, यांना लहानाचं मोठं केलं. "वयनीले काय तोंड दाखवू?" म्हणत माणूस धड जेवेना.

शेवटी बाजारातून तश्शीच समई आणली. पण ती मेली इतकी चकचकीत, की जुनीच्या शेजारी ठेवताच चोरी उघडी पडायची. मग यांना मोबाईलवर उपाय सापडला. गरम उकडलेली अंडी कुस्करून पितळेसोबत डब्यात कोंडायची, पितळ आपोआप काळवंडतं.

"महालक्ष्म्यांच्या समईले अंडे? डोकं फिरलं का तुमचं?"

"धुऊन टाकतो न मंग. तू बोंबलू नको."

गच्चीवर उद्योग चालला. मला रागही येत होता आणि हसूही. संध्याकाळी डबा उघडला तर समई छान तपकिरी, खाचांत काळसर. त्या दिवशी हे पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या. पाणी प्यायल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चिंच दे व, राख दे. पितळ घासून घेऊ."

महालक्ष्म्या बसायच्या आधी घरातलं सगळं पितळ घासायचं, हे जन्मभर केलेलं, पण आम्हा दोघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. बघता बघता अंड्यांची सगळी मेहनत मोरीत वाहून गेली. दोन्ही समया लखलखल्या. एकीची नक्षी झिजलेली, एकीची करकरीत.

"हे कोनाची?"

यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, अंड्यांसकट.

जाऊबाईंनी नवी समई फरशीवर ठेवली, बोटानं ढकलून पाहिली. हलली नाही.

"हरपली ते समई तुई माय होती तवापासून डुगडुगे," त्या म्हणाल्या. "दरसाली खाली कागदाची घडी घालत होती मी. पडली त पडदे पेटतीन, असा जीव टांगलेला. पन सासूची वस्तू, बदला म्हनू कशी?" मग राखेचा हात तसाच यांच्या पाठीवर ठेवला. "म्या वाढवलं तुले. समईपायी तुयावर रागावीन काय?"

हे मोरीपाशी बसून लहान पोरासारखे रडले.

दरवर्षी आरती झाली तरी जाऊबाई समयांजवळून हलत नसत. आम्ही समजायचो, केवढी भक्ती. यंदा आंबील पिऊन झाल्यावर त्या भिंतीला टेकल्या आणि चक्क घोरल्या.