ताकदीची पावडर

गुडघा बदलल्यावर मी वसईत फिजिओथेरपीला जायचो. तिथे भुईगावच्या एक आजी यायच्या, अंबाड्यात वाडीतलाच मोगरा माळून. गुडघा त्यांचाही नवा होता. पण दोन महिने झाले तरी आजोबांनी हात दिल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठता येईना.

एकदा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मांडीचा घेर मोजला आणि त्या वैतागल्या. "आजी, प्रोटीन पावडर रोज घेता ना?"

"दुसरा डबा संपला की!"

"मग स्नायू भरत का नाहीत?"

आजी पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या दुधात घालते."

आजोबा दचकले. "माझ्या? अगं, तू तर वेलची आहे म्हणालीस!"

"मग? मला दिवसातून दहादा उठवतं कोण? ताकद तुम्हाला नको?"

आम्ही सगळे हसलो. आजोबा मात्र हसले नाहीत. "उद्यापासून दूध मी करणार," ते म्हणाले, "आणि समोर बसून पाजणार."

महिन्याभराने आजी एकट्या उठल्या.

दुधाची ती गोष्ट उघड झाली, त्याच दिवशी मी घरी पोचलो, तर रिक्षातून उतरवायला बायकोने नेहमीसारखा हात पुढे केला. "तुझे खांदे दुखतात का गं?" मी विचारलं.

"दुखतात," ती म्हणाली. "आज बरं विचारलंत?"