आडव्या बाटलीला जास्त मतं पडली तरी

चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात दारूचं दुकान शाळेच्या वाटेवर आहे, आणि माझी पिठाची गिरणी त्याच्या अगदी समोर. थोरले दीर त्या दारूपायीच गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी जाऊ गिरणीत आली. म्हणाली, "हे दुकान बंद कराचं आता. तू अर्ज लिह्य, मी घरोघर फिरतो."

बायांच्या सह्या झाल्या, अर्ज गेला, फक्त बायांचं मतदान लागलं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. सोयाबीनची सोंगणी टाकून बाया आल्या. एक म्हातारी तर लेकीच्या खांद्याचा आधार घेत आली.

संध्याकाळी तालुक्याच्या साहेबांनी आकडे वाचले. आडवी पाचशे तेवीस, उभी चौसष्ट. जावेनं वाटायला पदरात आणलेली साखरेची पुडी सोडलीच होती, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. दुकान बंद होणार नाही."

"काऊन?" मी विचारलं.

"यादीत अकराशे महिला आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत."

"ज्या आल्याच नाही, त्याइलेबी धराचं?"

"धरावंच लागतं, ताई."

शेजारच्या खुर्चीवर सरपंच बसले होते. मागच्या साली सरपंचपदाला चौघं उभे होते. शंभरातल्या जेमतेम तिसांनी त्यांना मत दिलं होतं. उरलेले सत्तर तिघांत वाटले गेले, म्हणून ते निवडून आले. तेव्हा निम्म्याचं कोणी नाव काढलं नव्हतं.

मी ते साहेबांना तोंडावर म्हटलं. सरपंच हसले. साहेब शांतपणे म्हणाले, "तिथं सगळ्यात जास्त मतं पुरतात. इथं नियम वेगळा आहे."

"सरपंच कराले कमी मतं चालतात, अन् दारू बंद कराले चालत नाही?" जाऊ ओरडली. साखर तशीच पुडीत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी यादी मागून आणली. त्यात चार वर्षांपूर्वी वारलेल्या आमच्या सासूबाई होत्या. लग्न होऊन मेहकरला, जालन्याला गेलेल्या पोरी होत्या. कामासाठी पुण्याला राहायला गेलेली अख्खी घरं होती. सासूबाई जिवंत असत्या तर पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या असत्या, पण त्यांचं नाव यादीत राहिल्यामुळं आम्हालाच एक मत जास्त लागत होतं. ते वाचून मला रडू आलं नाही, नुसता संताप आला.

यादीचं काम पाहणाऱ्या गुरुजींकडे गेले. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला. ग्रामपंचायतीत म्हणाले, नोंदच सापडत नाही. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला रजिस्टर मीच उघडलं आणि नोंद शोधून काढली.

आता जाऊ आणि मी मिळून ही नावं कमी करून घेतोय. मतदान हरलं की लगेच परत अर्ज करता येत नाही, म्हणून पुढच्या अर्जाला अजून वेळ आहे, आणि समोरचं दुकान रोज माझ्या गिरणीच्या आधी उघडतं.