आईच्या खाटेपाशी अमेरिकेची मतमोजणी

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत माझी आई लखनौत तेलीबागच्या आमच्या दोन खोल्यांत मरत होती आणि आम्ही अमेरिकेतली मतं मोजत होतो. इतक्या वर्षांनी हे लिहिते आहे, तरी त्यातला मूर्खपणा तसूभर कमी झालेला नाही. माझा स्वतःवरचा रागही तेवढाच आहे.

बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत हेड क्लार्क होते. वर्धा जिल्ह्यातून बदलीवर लखनौला आले आणि इथलेच झाले. आईने मात्र लखनौ कधी मनावर घेतलं नाही. भाजीवाल्याशी ती हिंदी बोलायची आणि पाठ वळली की वऱ्हाडीत त्याचा उद्धार करायची. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शिष्यवृत्ती मिळवून तो अमेरिकेला गेला, शिकला, तिथेच नोकरीला लागला. चार वर्षांत एकदाही आला नव्हता. मी युनिव्हर्सिटीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. त्यामुळे घरात जगाच्या राजकारणाचा अर्थ लावण्याचं काम माझ्याकडे होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी ते मोठ्या ऐटीत करायची.

जानेवारीत रायबरेली रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलातून आईला घरी पाठवलं. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की दीड महिना, फार तर दोन, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बोलवायचं असं एकच माणूस होतं.

दादाची कायमच्या वास्तव्याची फाईल तिथल्या सरकारी कचेरीत पडून होती. तशा अवस्थेत देश सोडला तर फाईल बंद. पण घरी असं काही आजारपण असेल तर बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना मागता येत होता. दादाने तो मागितला आणि मिळवला. फक्त परत आल्यावर आत घ्यायचं की नाही, हे शेवटी विमानतळावरचा अधिकारी ठरवणार होता. दादाने मार्चच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं. आईने हे ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटीभर पेज पूर्ण प्यायली.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. सरकारी नोकर म्हणून बाबांना प्रत्येक निवडणुकीत मतमोजणीची ड्यूटी लागायची, आणि उत्तर प्रदेशात त्या काळी निवडणुका सणांसारख्या येत. पन्नास-पन्नास मतपत्रिकांच्या गड्ड्या, मग एकेक फेरी, प्रत्येक फेरीचा फळ्यावर आकडा. बाबा तीन-तीन दिवस मोजायला बसत आणि सुजलेल्या डोळ्यांनी घरी येऊन एक सिद्धांत सांगत: पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ज्याचं वारं दिसतं, तोच शेवटी निवडून येतो. हा सिद्धांत त्यांनी इतक्या वेळा खरा ठरताना पाहिला होता की त्यांच्यासाठी तो पंचशीलाच्या खालोखाल होता.

एका सकाळी परदेशी रेडिओच्या हिंदी बातम्यांत ऐकलं की अमेरिकेच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत एका लहानशा राज्यात एक उमेदवार जिंकला. बाहेरून येणाऱ्या लोकांना काही वर्षं दारं बंद करा, असं म्हणणारा उमेदवार. बाबा दाढी करत होते. त्यांनी वस्तरा तसाच हातात धरून मला विचारलं, हा जिंकला म्हणजे? मी म्हटलं, जिंकला म्हणजे जिंकला, एका राज्याचा निकाल लागला, आता बाकीच्या राज्यांचे लागतील.

हे मी म्हटलं, बाबांनी नाही. त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं आणि ते चुकीचं दिलं. अमेरिकेच्या राज्यघटनेचा पेपर आम्हाला पुढच्या वर्षी होता. पण मला माहीत नाही, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

खरी गोष्ट आता शाळेतलं पोरही सांगेल. ती राष्ट्रपतीची निवडणूक नव्हतीच. एका पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं, एवढंच तिथली जनता राज्याराज्यांत मत देऊन ठरवत होती. खरी निवडणूक नोव्हेंबरात होती आणि नवा माणूस खुर्चीवर बसणार तो पुढल्या जानेवारीत. पण आमच्या डोक्यात हे शिरणार कसं? आमच्याकडे तिकीट दिल्लीहून यायचं, एखाद्या बंगल्याबाहेर चार दिवस ताटकळल्यावर. तिकिटासाठी कोणी जनतेला विचारतं, हे लखनौत कोणाला सांगितलं असतं तर त्याने आमच्याच डोक्यावर बर्फ ठेवला असता. राज्यामागून राज्याचा निकाल म्हणजे फेरीमागून फेरी, असंच बाबांनी धरलं, आणि पहिल्याच फेऱ्यांत वारं त्या माणसाचं होतं.

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहत. उन्हात बाज टाकून ते मटार सोलत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला राजकारण शिकवायचे. बाबा त्यांच्याकडे खात्री करायला गेले. मास्तरांनी आधी त्या उमेदवाराची बिरादरी विचारली. बाबा म्हणाले, ख्रिश्चन असेल. मास्तर म्हणाले, "अरे बड़े बाबू, वो तो वहाँ सब हैं। उसमें कौन?" ते बाबांना सांगता येईना. मग मास्तरांनी थोडा विचार करून निकाल दिला की बाहेरच्यांना हाकला म्हणणारा माणूस आजवर कुठे हरलेला नाही, हवा उसी की है. मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते आणि मान डोलवत होते.

त्या रात्री बाबा झोपले नसावेत. सकाळी सात वाजता ते मला घेऊन चौकातल्या पीसीओवर गेले, कारण तेव्हा दादाकडे संध्याकाळ असायची. काचेच्या खोक्यात आम्ही दोघं दाटीवाटीने उभे राहिलो. बाबांनी दादाला सगळा हिशोब समजावला. आपल्याकडे निकाल लागला की आठवड्यात शपथविधी होतो. तू मार्चमध्ये इथे असशील, तेवढ्यात तो माणूस गादीवर बसेल, तुझ्या परवान्याची रद्दी होईल आणि चार वर्षांची मेहनत मातीत जाईल. मी रिसीव्हरला कान लावून होते.  मग दादा म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा मी काय करू."

"येऊ नकोस," बाबा म्हणाले. "तो हरेपर्यंत थांब."

दादा बरं म्हणाला. बाबा बाहेर आले आणि पीसीओच्या पायरीवर बसले. मला त्यांचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते. मुलाच्या भल्यासाठी बाप केवढा घट्ट होतो, असं मनात आलं होतं.

आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं की अमेरिकेत एक माणूस निवडणुकीला उभा आहे, तो बाहेरच्या लोकांच्या विरोधात आहे, तो हरला की दादा येईल. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याले आई नाही का?" मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, "मंग हरन तो. कोन्या आईची हाय लागन त्याले."

त्या दिवसापासून रोज सकाळी बातम्या संपल्या की आई विचारायची, "हरला का तो?" जिला आमच्या आमदाराचं नाव कधी ठाऊक नव्हतं, ती आई. आधी उशीवरून मान उचलून विचारायची, नंतर मान उचलेनाशी झाली, तेव्हा डोळे माझ्याकडे वळवून. दुसऱ्या कोणाच्या घरी असं काही असतं तर त्यांनी देव पाण्यात घातले असते. आमचं घर बौद्ध, आमच्याकडे घालायला देव नव्हते. आम्ही परदेशातल्या एका माणसाच्या पराभवावर जीव टांगून बसलो होतो.

बाबांनी कचेरीतल्या जाड कागदावर तक्ता आखला. डावीकडे राज्यं, वर उमेदवार. नावं मी इंग्रजी पेपरातून उतरवून द्यायची. एका राज्यात तो माणूस मागे पडला की बाबांच्या जिवात जीव यायचा, ते आईचे पाय चेपत सांगायचे, बघ, उतरतोय. दुसऱ्या दिवशी कुठेतरी तो पुढे आला की घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही. दादाच्या तिकिटाची तारीख त्यातच येऊन गेली. त्या सकाळी आईने काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं सोडून दादाला फोन करावा आणि म्हणावं, ये, काय व्हायचं ते होऊ दे. मी केला नाही. बाबांनी एकदा ठरवलेलं होतं.

मार्च अर्धा उलटला तेव्हा पेपरात आलं की तो माणूस फार मागे पडला, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं नक्की झालं. मी युनिव्हर्सिटीत गेले आणि आमच्या सरांना विचारलं, सर, आता तो दुसरा माणूस राष्ट्रपती झाला का? वर्गातली दोन-तीन मुलं हसली. सर हसले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "नहीं बेटा, अभी तो सिर्फ़ टिकट तय हुआ है। चुनाव तो नवंबर में है।" मग पुढे त्यांनी सगळं सांगितलं, जानेवारीतला शपथविधीसुद्धा. मी वहीत लिहून घेतलं. विद्यार्थ्याची सवय. लिहून झाल्यावर त्या ओळी वाचल्या आणि समजलं की दादा मार्चमध्ये येऊन, आईजवळ तीन आठवडे बसून, आरामात परत जाऊ शकला असता. त्या माणसाच्या हातात या वर्षी काहीच येणार नव्हतं, जिंकला असता तरी. घरी कोणत्या प्रवासी टेम्पोने आले ते आठवत नाही.

बाबांना अंगणात बोलावून सांगितलं. त्यांना आधी कळेचना. म्हणाले, पण मग मतं कसली मोजत होते? मी पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. त्यांनी चपला घातल्या आणि पीसीओकडे चालू लागले. दादाचा फोन लागला. बाबा फक्त म्हणाले, "ये. असशील तसा ये." दादा म्हणाला, रजेचं बघतो, तिकीट बघतो, चार-पाच दिवस लागतील.

मी आईपाशी बसले. तिने डोळे माझ्याकडे वळवले. मी म्हटलं, हरला, आई. ती म्हणाली, "मंग येते का आता?" मी म्हटलं, निघाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दादा अजून तिकिटाचंच बघत होता. कळवल्यावर म्हणाला, आता येऊन काय करू? पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही दोघं, समोरचे मास्तर आणि कॅन्टोन्मेंटमधून आलेली चार मराठी कुटुंबं, एवढेच होतो.

तीन वर्षांनी दादा पक्के कागद घेऊन आला. दार उघडल्याबरोबर बाबांनी त्याचे हात धरले आणि माफी मागायला सुरुवात केली. तक्ता, फेऱ्या, शपथविधी, सगळं पुन्हा सांगितलं, न्यायालयात कबुली द्यावी तसं. दादा खाली मान घालून ऐकत राहिला. म्हणाला, जाऊ द्या बाबा.

परत जायच्या आदल्या दिवशी मी चपात्या लाटत होते आणि तो ओट्याला टेकून उभा होता. बोलता बोलता मी सहज म्हटलं की तुलासुद्धा तेव्हा कळलं नाही, तूही घाबरलास. तो मग म्हणाला, "मला माहीत होतं. तिथे राहत होतो मी, मला कसं माहीत नसेल? पण विमानतळावर अडवलं असतं तर? ती भीती मला आधीपासून होती. बाबा येऊ नकोस म्हणाले आणि मला हायसं वाटलं."

मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, आत जा आणि हे बाबांना सांग. तो आत गेला, बाबांशेजारी बसला आणि काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी विमानात बसला.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले. दर रविवारी दादाचा फोन यायचा आणि बोलणं संपता संपता बाबा म्हणायचे, माझ्यामुळे तुला तुझी आई दिसली नाही पोरा. पलीकडून तेच उत्तर यायचं, जाऊ द्या बाबा. मी शेजारी बसलेली असायची. मी सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर बायकोपाठोपाठ त्यांचा मुलगाही गेला असता, आणि म्हातारपणात त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. म्हणून मीही गप्प राहिले, आणि माझे बाबा आईचे गुन्हेगार म्हणूनच गेले.