मावशीच्या शेताचा पांढरा चौकोन

माझी मावशी दुकानदाराने दिलेले सुटे पैसे दोनदा मोजायची आणि तिसऱ्यांदा त्याच्या तोंडाकडे बघायची. नवरा गेल्यावर गावाबाहेरचं एकुलतं एक शेत तिने एकटीने राखलं. राखता राखता कुणावर विश्वास ठेवायचा असतो हेच ती विसरली. तिला मी हसत नाही. एकदा गटारासाठी म्हणून माणसं तिचं अंगण मोजून गेली. गटार झालं आणि अर्धं अंगणही गेलं.

त्यामुळे जुन्या वस्तीचा अभ्यास करणारी मंडळी आली तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौघं होती. एक नकाशावाला. एक मातीवाली, ती नळी ठोकून खोलवरची माती वर काढायची. तिसरा त्या मातीतले परागकण भिंगाखाली बघून इथे पूर्वी काय पिकायचं ते सांगायचा. चौथा म्हाताऱ्यांजवळ बसून शेतांची जुनी नावं विचारायचा. एवढ्याशा मातीला चार चार वैद्य कशाला, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं मावशीचं म्हणणं.

मंडळींनी शाळेत सभा घेऊन सगळं सांगितलं होतं. या भागातून मोठा रस्ता जाणार होता. जिथे जुनी वस्ती सापडेल ती जमीन सोडून तो वळवायचा होता. मावशीला हे गळाला लावलेलं आमिष वाटलं. जुनं काही सापडलं की सरकार जमीन घेतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. कोणी, ते तिलाही आठवत नव्हतं.

मंडळी एकेका शेतातून चालायची आणि जुन्या मडक्याची खापरी दिसली की नकाशावर टिंब द्यायची. मावशीच्या शेताची पाळी यायच्या आधी ती रोज निंदणीच्या निमित्ताने जाऊन खापऱ्या वेचायची आणि कोरड्या विहिरीत ओतायची. हे तिनेच मला नंतर सांगितलं, तेही फुशारकीने.

नकाशा तयार झाला. सगळीकडे टिंबांचा सडा आणि मधोमध एक कोरा चौकोन, थेट मावशीच्या बांधांइतका. नकाशावाला तो घेऊन तिच्या ओसरीवर आला. सोबत मातीवाली होती, मीही होते.

"मावशी, जुन्या काळची माणसं तुमच्या बांधापाशीच बरी थांबली," तो म्हणाला.

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

मातीवालीला मात्र त्याच शेतात खोलवर राखेचा थर लागला होता. पूर्वीच्या चुलींचा असावा, तेवढ्यावरही शेत वाचेल, असं ती समजावून सांगत होती. मावशीने तिला नीट निरखलं. एवढी गोड बोलणारी बाई तिला अजिबात आवडली नाही.

"ती वीटभट्टीची राख. खड्डा होता तिथे. आमच्या ह्यांनी गाड्या भरून टाकली आणि वर माती ओढली."

शेत तिचं, नवरा तिचा. तिला खोटं कोण ठरवणार? मातीवालीने राखेची नोंद खोडली.

पावसाळा सरल्यावर रस्त्याचे दगड रोवले गेले. शेजाऱ्यांची शेतं चुकवत चुकवत ते मावशीच्या शेतात शिरले आणि सरळ पलीकडे निघाले. मी बांधावर रडवेली उभी होते. तुझ्या त्या खापऱ्यांनीच शेत राखलं असतं, असं मी तिला तीन तऱ्हांनी समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ. घेणार म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की नाही?"